बोंडापासून फेणीपर्यंत: सत्तरीतल्या काजूच्या भट्टीवरच्या प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी

कामाला लागण्यापूर्वी प्रकल्पाची हद्द आखून घेतलेली बरी. फळांचा रस आंबवून त्याची दारू गाळण्याच्या घरगुती रीती अनेक देशांत आहेत. परंतु आपल्या अगदी शेजारी असलेली, आजही दर उन्हाळ्यात चालणारी आणि परवान्याने कायदेशीरपणे करता येणारी रीत म्हणजे गोव्यातली काजूची भट्टी. म्हणून सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे डोंगराच्या उतरणीवर असलेल्या एका वाडीतली परवानाधारक भट्टी आम्ही निवडली आहे. भट्टीकारांनी नाव छापू नये अशी अट घातली असून ती आम्हाला मान्य आहे. या नोंदींत त्यांचा उल्लेख ‘काका’ असाच येईल, कारण वाडीत त्यांना सगळे तसेच हाक मारतात.

काम दुहेरी आहे. भट्टीवरचे हातकाम जसे चालते तसे टिपून घ्यायचे, हा पहिला भाग. काका जे नाकाने, कानाने आणि जिभेने ठरवतात त्याच्या शेजारी थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजणारे उपकरण) आणि हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) आकडा लिहून ठेवायचा, हा दुसरा. उपकरणे काकांची परीक्षा घेण्यासाठी आणलेली नाहीत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. भट्टी कधी लावायची आणि कधी उतरवायची हे तेच ठरवतील. आम्ही त्या क्षणीचा आकडा लिहू.

यंदा मोहोर बरा आला होता, पण जानेवारीत ढगाळ हवा राहिल्याने कोवळ्या फुटीवर ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचा उपद्रव झाला, असे काका सांगतात. पहिली फळे पंधरवड्यात पडू लागतील.

४ मार्च

आज गोळा करण्याचे काम पाहिले. इथला पहिला आणि सर्वांत कडक नियम असा की झाडावरचे बोंड काढायचे नाही. पिकून आपोआप पडलेलेच घ्यायचे. हा नियम निव्वळ रूढी म्हणून पाळला जात नाही. काजूच्या फळात आधी बी पूर्ण वाढते आणि मग तिच्यामागचा देठ फुगून, रंग धरून बोंड होते. झाडावर पिवळे किंवा लाल दिसणारे बोंड अजून तुरट असू शकते. जे बोंड स्वतःहून गळते त्यातली साखर मात्र भरलेली असते. रिफ्रॅक्टोमीटरवर पडलेल्या बोंडांचा रस १० ते १२ ब्रिक्सच्या (म्हणजे वजनाने साधारण तितके टक्के साखर) दरम्यान आला, तर तुलनेसाठी झाडावरून काढलेल्या बोंडांचा रस त्याच्या बराच खाली राहिला.

गळलेले फळ टोकाला खिळा बसवलेल्या लांब काठीने टोचून उचलतात, त्यामुळे दिवसभर वाकावे लागत नाही. बी तिथल्या तिथे पिरगळून वेगळी करतात. बी बाजारात जाते आणि बोंड भट्टीवर. हे काम बहुतेक बायकाच करतात आणि सकाळी लवकर करतात, कारण उन्हात पडून राहिलेले बोंड दुपारपर्यंत आंबट वास सोडू लागते. बोंडाची साल इतकी पातळ असते की पडताना ते फुटतेच, आणि फुटलेल्या फळावर रानातले यीस्ट आपले काम ताबडतोब सुरू करते. टोपलीतल्या फळांत आंबण्याची सुरुवात झालेली असते असे म्हटले तरी चालेल.

काजूचे झाड मुळात ब्राझीलचे; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. ब्राझीलच्या पियाउई राज्यात याच बोंडाचा रस गाळून, निवळून आणि बाटलीत तापवून ‘काजुईना’ नावाचे बिनदारूचे पेय करतात, आणि ती पारंपरिक रीत २०१४ साली त्या देशाने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. फळ तेच, पण तिथे रस आंबू न देण्याचे कौशल्य वाढले आणि इथे आंबवून गाळण्याचे.

५ मार्च

कोळंबीवरचा दिवस. कोळंबी म्हणजे बोंडे मळायची जागा: डोंगरउतारावरच्या कातळात कोरलेला हा उथळ, एका बाजूला कललेला खड्डा. खालच्या टोकाला रस वाहून जाण्यासाठी वाट ठेवलेली आणि तिच्या तोंडाशी भांडे. काकांच्या आजोबांच्या वेळेपासून हीच कोळंबी आहे. आसपासच्या बऱ्याच भट्ट्यांवर आता सिमेंटची कोळंबी किंवा चरकासारखे यंत्र आले आहे.

बोंडे पायांनी मळतात. मळणारा गडी आधी पाय घासून धुतो आणि मग एका लयीत, टाच न आपटता, तळव्याने दाबत फिरतो. हे जवळून पाहिल्यावर लक्षात आले की तो बोंडे तुडवत नाही, तर पिळून बाजूला सरकवतो. चोथा पायाखाली गोल गोल जमत जातो आणि रस उताराकडे धावतो. यंत्रात तंतू आणि साल भरडली जाते, तुरट टॅनिन जास्त उतरते आणि रस गढूळ होतो. पायाने मळलेला रस तुलनेने निर्मळ येतो. काकांनी यंत्राला नावे ठेवली नाहीत. त्यांच्या मते माणसे मिळत नसतील तर यंत्र लावावेच लागते, मात्र त्या रसाची दारू घशाला खवखवते.

मळून झालेल्या चोथ्याचा ढीग करतात, त्याला रानातल्या वेलीचे वेढे देऊन गोल बांधतात आणि वर मोठा धोंडा ठेवतात. वेलीने बांधलेली ही रास म्हणजे नुडी. रात्रभर तिच्यातून थेंबथेंब गळणारा रस म्हणजे निरो. पहाटे तो प्यायला मिळाला. पायाने काढलेल्या रसापेक्षा तो स्वच्छ, गोड आणि जवळजवळ तुरटपणा नसलेला होता. वाडीतली मुले तांबे घेऊन हजर होती. संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असलेले हे पेय बाजारात फारसे पोहोचत नाही, कारण दुपारनंतर ते फसफसू लागते.

८ मार्च

रस कोड्यात भरून तीन दिवस झाले. कोडे म्हणजे मोठ्या पोटाचे मातीचे भांडे, जमिनीत निम्म्यापर्यंत पुरलेले. बाहेर पारा पस्तिशीकडे जात असतानाही पुरलेल्या कोड्यातला रस त्याहून थंड राहतो, आणि आंबताना निर्माण होणारी उष्णता भोवतालची माती ओढून घेते. शेजारच्या भट्टीवरच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात हाच रस उघड्यावर ठेवतात. तिथे दुपारी रस इतका तापतो की आंबण्याचा वेग हाताबाहेर जातो.

यात बाहेरून काहीही घालत नाहीत. यीस्ट नाही, साखर नाही, गूळ नाही, नवसागर तर नाहीच. बोंडाच्या सालीवरचे आणि कोड्याच्या मातीत मुरलेले यीस्ट पुरेसे असते. म्हणूनच काका कोडे नुसत्या पाण्याने विसळतात आणि उन्हात पालथे घालतात; साबणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही.

पहिल्या दिवशी सायंकाळी रसावर फेसाची साय धरली. दुसऱ्या दिवशी कोड्याच्या तोंडाशी कान नेला तर आतून बारीक, सलग खदखद ऐकू येत होती. आज सकाळी फेस बसला आणि आवाज जवळजवळ थांबला. काकांनी बोट बुडवून चाखले आणि उद्या भट्टी लावू असे सांगितले. हायड्रोमीटर त्याच वेळी पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ उतरला होता, म्हणजे साखर जवळपास संपली होती. इथे रिफ्रॅक्टोमीटर बाजूला ठेवला, कारण रसात अल्कोहोल आल्यावर तो साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. सुरुवातीच्या साखरेवरून हिशेब केला तर रसात साधारण ६ टक्के अल्कोहोल तयार झाले असावे.

एवढ्यावर थांबले तर ही काजूची वाइनच म्हणायची; पण इथे ती कोणी पीत नाही. टॅनिनमुळे तिचा तुरटपणा जिभेवर बसतो आणि आणखी दोन दिवसांत ती शिरक्याकडे झुकते. आंबलेला रस टिकवण्याची युरोपातली तळघरे, थंड हवा आणि बूच लावलेली पिंपे या हवेत उपयोगाची नाहीत. मार्चच्या उन्हात फळाचा गुण टिकवण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे रस आंबताक्षणी आगीवर चढवणे. तिसरा दिवस चुकवायचा नाही हा नियम त्यातूनच आला आहे.

९ मार्च

पहिली भट्टी. चुलीवर तांब्याचे भाण, त्यात आंबलेला रस सुमारे तीनचतुर्थांश भरलेला. तोंडावर झाकण, झाकणाच्या सांध्यावर कापडाची चिंधी आणि तिच्यावर वारुळाच्या मातीचा लेप. वारुळाची माती बारीक आणि चिकट असते आणि तापून तडकत नाही. भाणाच्या मानेतून निघालेली नळी पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्याला जोडली आहे आणि वेटोळ्याचे दुसरे टोक खालच्या भांड्यात सोडलेले.

आग पेटवल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. रस उकळीला येताना उफाळतो. जाळ मोठा असला तर फेस सरळ नळीत शिरतो आणि खाली गढूळ, करपट वासाचे पाणी येते. काका झाकणावर हात ठेवून बसले होते. मानेपाशी हात टेकवेनासा झाला त्या क्षणी त्यांनी पुतण्याला हाक दिली, “उजो ल्हान कर!” पुतण्याने दोन लाकडे बाहेर ओढली. त्यानंतर काही वेळातच पहिली धार सुरू झाली. वाफेचे तापमान त्या वेळी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास होते.

निव्वळ अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, मग इथे ९५ का, असे सहकाऱ्याने विचारले. रसात बहुतांश पाणी असते आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्यातल्या प्रमाणावर ठरतो; ७८ अंशांवर थांबून फक्त अल्कोहोल वर येईल अशी सोय साध्या भाणात नसते. पाणी आणि अल्कोहोल दोन्ही वर येतात. फरक इतकाच की वाफेत अल्कोहोलाचे प्रमाण रसातल्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. जसजसा भाणातला रस पातळ होत जातो तसतसे तापमान चढते आणि धार सौम्य होते.

ही पहिली वाफ म्हणजे हुर्राक. काकांनी धार थांबवली तेव्हा भांड्यातल्या एकूण हुर्राकाची ताकद १५ टक्क्यांच्या आसपास होती. कोणतेही मापन न करता, फक्त वासावर आणि तळहातावर चोळून त्यांनी हे ठरवले. हुर्राकाला ताज्या बोंडाचा वास जसाच्या तसा असतो. मार्च ते मे एवढेच त्याचे दिवस. पुढे तो ठेवला तर उतरतो. गोव्यात तो लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून, थंड सोड्याबरोबर पितात.

१९ मार्च

माती आणि तांबे या प्रश्नावर आजचा दिवस गेला. जुन्या रीतीत भाणही मातीचेच असे. नळी लाकडाची किंवा बांबूची, आणि ती ज्या लहान मडक्यात उतरे ते लावणी. वेटोळे नव्हते, लावणीच्या पाठीवर एक माणूस करवंटीच्या डवल्याने अखंड गार पाणी ओतत बसे आणि त्या गारव्याने आतली वाफ थिजे. पाणी ओतणाऱ्याचा हात थांबला की दारू वाफेसकट उडून जाई. काकांचे लहानपण हेच काम करण्यात गेले, आणि त्याबद्दल त्यांना कसलाही हळवेपणा नाही.

जुने ते सगळे अस्सल असा सूर या विषयावर नेहमी लावला जातो. मला तो पटत नाही. मातीचे भाण सच्छिद्र असते, काही दारू ते स्वतःच पिते, वारंवार तडकते, आणि आधीच्या खेपेचा वास धरून ठेवते. तांब्याचा फायदा नुसता टिकाऊपणाचा नाही. आंबताना तयार होणारी गंधकयुक्त संयुगे तांब्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात आणि दारूतला कुजकट वास कमी होतो. तांब्याला राखायचे पथ्यही आहे: काकांच्या घरी प्रत्येक खेपेनंतर भाण चिंच आणि मीठ लावून घासतात, कारण आंबट रस तसाच राहिला तर हिरवा कळंक धरतो आणि तो विषारी असतो. सांध्यांना शिसे असलेला डाग दिलेली स्वस्त भांडी बाजारात मिळतात. ती काका वापरत नाहीत आणि कोणी वापरू नयेत.

३० मार्च

आज फेणी. हुर्राक एकटा पुन्हा गाळत नाहीत. त्यात ताजा आंबलेला रस मिसळून ते मिश्रण भाणात चढवतात. पूर्वी दुसऱ्या वाफेच्या दारूला काजुलो म्हणत आणि फेणी तिसऱ्या वाफेची असे. आता बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच वाफेला फेणी म्हणतात. काकाही तसेच करतात आणि त्याचे कारण सरळ सांगतात, की तिसऱ्या वाफेला लागणारे सरपण आणि मजुरी विकत घेणारा देत नाही.

रस मिसळण्यामागचा हेतू समजून घेण्यासाठी कागदावर हिशेब मांडला. ६ टक्क्यांच्या १०० लिटर रसात ६ लिटर अल्कोहोल असते. त्यातून १५ टक्क्यांचा सुमारे ३५ लिटर हुर्राक मिळतो. त्यात तितकाच रस मिसळला तर ७० लिटर मिश्रण साडेदहा टक्क्यांचे होते. या मिश्रणातून ४२-४३ टक्क्यांची फेणी हवी असेल तर धार लवकर तोडावी लागते आणि १० ते १२ लिटरच हाती लागते. उरलेली पातळ धार पुढच्या खेपेच्या रसात परत जाते, म्हणून ती वाया जात नाही. हुर्राक एकटाच गाळला असता तर ताकद सहज मिळाली असती, पण दोनदा तापलेल्या दारूत बोंडाचा वास फिका पडला असता. नवा रस हा वास परत घेऊन येतो.

पायाने मळून वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त रस निघतो आणि एक बोंड सरासरी ५०-६० ग्रॅमचे धरले, तर ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीमागे अडीचशे ते तीनशे बोंडे लागतात. प्रत्येक बोंड कोणीतरी काठीने टोचून उचललेले असते. बाटलीची किंमत जास्त वाटते असे म्हणणाऱ्या पाहुण्यांना हा हिशेब दाखवायला हरकत नाही.

ताकद मोजायला काकांकडे काचेची जुनी तरंगती नळी आहे. तिच्यावर ग्राव, म्हणजे ताकदीचे अंश, लिहिलेले आहेत. ही कार्तिए नावाची फ्रेंच मापपट्टी अठराव्या शतकातली. तिच्यात शुद्ध पाणी १० वर असते, शून्यावर नाही. एकोणीस-वीस ग्रावांची फेणी चांगली समजली जाते. अबकारी खाते टक्क्यांत विचारते, गिऱ्हाईक ग्रावांत विचारते, आणि काका दोन्हींना उत्तर देतात. पण त्यांचा स्वतःचा भरवसा फेसावर आहे. बाटली अर्धी भरून जोरात हलवायची आणि कडेने उठणारे मणी पाहायचे. मणी बारीक असून काही क्षण टिकले तर फेणी उतरली. मोठे होऊन लगेच फुटले तर अजून पाणी आहे. आम्ही सात नमुने मणी पाहून क्रमाने लावायला सांगितले आणि मग हायड्रोमीटर बुडवला. काकांचा क्रम आणि उपकरणाचा क्रम एकच निघाला.

११ एप्रिल

पहिल्या धारेविषयी. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम अशी समजूत आहे, आणि ताकदीपुरती ती खरीही आहे. परंतु अगदी सुरुवातीचा घोटभर भाग काका आगीवर फेकतात. भपकन निळसर ज्वाळा उठली की भट्टी नीट चालली आहे असे समजतात. त्या भागाला नखांचे रंग काढायच्या द्रवासारखा झोंबरा वास येतो, तो असेटाल्डिहाइड आणि इथाइल असेटेटचा. तो भाग काढून टाकल्याने दारूचा झोंबरेपणा खरोखरच कमी होतो.

मात्र पहिला भाग फेकला की मिथेनॉल निघून गेले, हे सर्वत्र ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळत असले तरी पाणी-अल्कोहोलाच्या मिश्रणातून ते एकदम पुढे येऊन संपत नाही. ते धारेत शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. फळातल्या पेक्टिनपासून ते तयार होते आणि नीट आंबवलेल्या बोंडाच्या रसात त्याचे प्रमाण मुळात अल्प असते, म्हणून पारंपरिक फेणीने माणसे दगावत नाहीत. विषारी दारूच्या दुर्घटना वेगळ्या कारणाने होतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे गेली ती औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. तिथे फळही नव्हते आणि आंबवणेही नव्हते. ही नोंद मुद्दाम विस्ताराने केली, कारण ‘गावठी’ या एकाच शिक्क्याखाली या दोन गोष्टी एकत्र घातल्या जातात आणि त्यात भट्टीकाराचे नुकसान होते.

२२ एप्रिल

दोडामार्गकडे जाऊन आलो. गोव्याची हद्द ओलांडली की झाडे तीच, माती तीच, भाषाही बरीचशी तीच. पण झाडांखाली बोंडांचा सडा कुजत पडलेला. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींच्या बागा इथे मोठ्या आहेत आणि बी उत्तम भावाने जाते. बोंडाचे वजन मात्र बीच्या पाच ते दहा पट असते आणि ते बहुतेक सगळे मातीत जाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे, आणि गोव्यासारखा घरगुती भट्टीचा स्वतंत्र परवाना इथे रुळलेला नाही. काही बागायतदार सरबत आणि जॅम करून पाहतात; तुरटपणा काढण्यासाठी रस निवळावा लागतो आणि तिथेच खर्च वाढतो.

वाचकांपैकी कोणी घरी प्रयोग करावा म्हणून या नोंदी लिहिलेल्या नाहीत, हे इथेच सांगतो. गोव्यातसुद्धा भट्टीला परवाना लागतो, आणि काजूच्या क्षेत्रांची दरवर्षी सरकारी पावणी, म्हणजे लिलाव, होते.

७ मे

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ साली गोव्याच्या अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन तिला ‘देशी दारू’च्या वर्गातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला गेला आणि २०२१ साली राज्याने फेणीसाठी वेगळे धोरण जाहीर केले. या सगळ्याचा भट्टीवर काय परिणाम झाला, असे काकांना विचारले. बाटलीबंद फेणी विमानतळावर दिसू लागली आणि शिकलेली मुले चौकशीला येऊ लागली, एवढे त्यांनी मान्य केले. त्यांची खरी अडचण वेगळी आहे: मळायला माणूस नाही, आणि स्वस्त भावात भेसळ विकणारे शेजारीच आहेत. बाहेरचे स्पिरिट, साखर आणि थोडा हुर्राक एकत्र करून ‘फेणी’ म्हणून विकली जाते आणि पर्यटकाला फरक कळत नाही.

फरक ओळखायची त्यांची खूण इथे टिपतो. थोडी फेणी तळहातावर घेऊन चोळायची आणि हात कोरडा होईपर्यंत थांबायचे. खऱ्या फेणीचा बोंडाचा वास हात सुकल्यावरही राहतो. भेसळीचा आधीच उडून जातो आणि मागे काहीच उरत नाही, किंवा चिकटपणा उरतो. आम्ही बाजारातून आणलेल्या दोन बाटल्यांवर हे करून पाहिले. एक टिकली, दुसरी नाही.

साठवणीबद्दल काकांचे मत पक्के आहे. फेणी काचेच्या मोठ्या गराफांवांत, घट्ट बूच लावून, अंधाऱ्या खोलीत ठेवायची. काच दारूला रंग देत नाही, म्हणून फेणी जुनी झाली तरी पाण्यासारखी स्वच्छ राहते. मात्र वर्षभरात तिचा झोंबरेपणा नरम होतो. प्लॅस्टिकचे कॅन हलके आणि स्वस्त म्हणून सर्वत्र आले आहेत, पण चाळीस टक्क्यांवरची दारू प्लॅस्टिकमध्ये महिनोन्महिने ठेवणे चुकीचे आहे असे माझेही मत आहे. वास तर येतोच, शिवाय प्लॅस्टिकमधली मऊपणा देणारी द्रव्ये दारूत उतरू शकतात. या एका बाबतीत जुनी रीत निःसंशय सरस आहे.

५ जून

पाऊस आठवडाभरावर आला आहे. पडणारी बोंडे पाणचट झाली असून ब्रिक्स ८ च्या खाली उतरला, तेव्हा काकांनी भट्टी बंद केली. भाण घासून, आतून सुकवून माळ्यावर पालथे ठेवले. कोडी वाळूने भरली, म्हणजे पावसात जमीन फुगली तरी ती तडकणार नाहीत.

आमच्याकडची सामग्री अशी: मळणीचे आणि भट्टीचे चित्रीकरण, प्रत्येक खेपेचे तापमानाचे आणि घनतेचे तक्ते, भट्टीवरच्या वस्तूंच्या नावांची आकृत्यांसह यादी, आणि हुर्राक व फेणीचे काचेतले नमुने. नमुन्यांतल्या मिथेनॉलाचे आणि तांब्याचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचे आहे. ते झाल्याखेरीज सुरक्षिततेविषयी यापलीकडे काही लिहिणार नाही. कोळंबीचे मोजमाप राहिले होते ते आज घेतले.

पुढच्या हंगामात मातीचे भाण आणि लावणी एकदा प्रत्यक्ष चालवून पाहायची आहे. भांडी घडवून देणारा कुंभार डिचोलीकडे मिळाला असून त्याने गणेश चतुर्थीनंतर माती भिजवायला घेतो असे सांगितले आहे. डवल्याने पाणी ओतायला कोण बसणार, हे अजून ठरायचे आहे. काकांनी स्वतः नकार दिला आहे आणि पुतण्याकडे बोट दाखवले आहे.